धुऱ्यापलीकडची प्रार्थना

अमडापूरचा याकोब शिरसाट म्हणजे बोलणं कमी आणि प्रार्थना लांबलचक. शेजारच्या कडूबानं दरसाल नांगरताना त्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरून आपल्या वावरात घेतला, तेव्हा याकोबनं मुकाट्यानं मोजणीचा अर्ज टाकला. भांडण झालं असतं तर कडूबाला बरं वाटलं असतं. पण हा माणूस दर रविवारी चिखलीच्या चर्चमध्ये आपलं नाव घेऊन प्रार्थना करतो, हे कानावर आलं आणि कडूबाची झोपच उडाली. करणी तर नसेल?

मोजणीच्या दिवशी त्यानं धुऱ्यावरच विचारलं, "काबे याकोब, माह्यावर काय मंतरून राह्यला?"

"तुह्यं भलं मागतो. येशूनं सांगतलं, वैऱ्यावर प्रेम करा."

"मंग मोजणी काऊन आणली?"

"प्रेम करा म्हणलं, धुरा सोडा नाही म्हणलं. पहिले तं दात-ओठ खाऊनच मागत होतो. तुह्यं नाव घेता घेता डोक्यातला जाळ निवला."

मोजणीत कोरलेली पट्टी याकोबचीच निघाली. हद्दीचा दगड रोवायला कडूबानं गुपचूप हात लावला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "जमीन तं गेली. पण प्रार्थना बंद नको करू बे. औंदा माह्यं सोयाबीन लय जोरात हाय."