रिकामा डबा परत देऊ नये

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला आमच्या खालच्या मजल्यावर एक अमेरिकन बाई राहायच्या. वय नव्वदीच्या पुढे. आम्ही घरात त्यांना 'खालच्या आजी' म्हणायचो. पहिल्या संक्रांतीला मी त्यांना स्टीलच्या डब्यातून गुळपोळ्या नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत घासून परत आला, पण रिकामा. माझी जीभ मेली स्वस्थ बसेल तर शपथ! मी हसत म्हटलं, "आजी, आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत. साखरेचे चार दाणे तरी घालतात."

तेवढंच बोलले मी. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही.

आधी चॉकलेटं आली. मग गुडघ्यांनी दगा दिला, आजींचं दुकानात जाणं थांबलं आणि डब्यातून घरातलंच काहीबाही यायला लागलं. पोह्यांच्या बदल्यात एक फोटो आला: घेरदार झगा, कोपरापर्यंत हातमोजे, समोर मोठा मायक्रोफोन. थालीपिठाच्या बदल्यात पिवळं पडलेलं कात्रण. आजी तरुणपणी अमेरिकेत गायिका होत्या म्हणे. एक रेकॉर्ड तुफान चालली, रेडिओ लावावा तिथे त्याच. मग गिटारवाली पोरं आली आणि कंपनीने यांना आमटीतल्या कढीपत्त्यासारखं बाजूला काढलं. इकडच्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबांत गायला म्हणून सहा महिन्यांसाठी आल्या, एका जर्मन इलेक्ट्रिशियनशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. तो गेला, मूलबाळ नाही.

शेवटी एकदा ती रेकॉर्डच आली, लाडवांच्या डब्यावर ठेवून.

"माझ्याकडे एवढीच उरलीय," आजी म्हणाल्या. "मी गेले की घर रिकामं करणारी माणसं येतील आणि सगळं कंटेनरमध्ये टाकतील. तुझ्याकडे राहू दे. मी गात होते हे कुणाला तरी ठाऊक असावं."

मी "हो, हो" करत मान डोलावली. लक्ष होतं कुठे? वर आमटी उतू जात होती.

ते सगळं मी बुटांच्या खोक्यात भरून केलरमध्ये, तळघरातल्या आमच्या कप्प्यात, टाकून ठेवलं. पुढच्या दिवाळीच्या आधी साफसफाई काढली. मला आवराआवरीचा झटका आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हे म्हणाले, "अगं, बघून तरी टाक."

"अहो, तुम्हीच बसा बघत! लोकांच्या घरचं भंगार आपण का सांभाळायचं?"

कागद कचऱ्याच्या निळ्या पेटीत, रेकॉर्ड काळ्या पेटीत. वर्गीकरण मात्र चोख केलं हं!

त्याच हिवाळ्यात आजी पडल्या आणि त्यांना फ्लेगेहाइममध्ये, वृद्धांच्या सेवागृहात, हलवलं. मी रव्याचे लाडू घेऊन भेटायला गेले. एवढ्याशा झाल्या होत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. मी गायिका होते म्हटलं की या पोरी हसतात. मला भास होतात असं वाटतं त्यांना. तू माझी रेकॉर्ड आण, फोटो आण. एकदा दाखव यांना."

खरं सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं, "हो आजी, घरीच आहे सगळं. पुढच्या रविवारी आणते."

बाहेर पडताना मी नर्सला म्हटलं, "त्या खरंच गायच्या हो. मी फोटो पाहिलेत."

"हो? गाताना नाव काय लावायच्या?" तिने विचारलं. "त्या दर वेळी वेगळंच सांगतात."

नाव रेकॉर्डवर छापलेलं होतं, कात्रणातही असणार. मी ते कधी वाचलंच नव्हतं. नर्स समजुतीने हसली, आजींकडे बघून हसायची तशीच.

त्याला आता सात-आठ रविवार झाले. मी आत शिरले की आजी आधी माझ्या पिशवीकडे बघतात. मी म्हणते, "विसरले हो." त्या म्हणतात, "असू दे, पुढच्या वेळी." स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काल त्यांनी डबा स्वतःच्या हातांनी परत दिला. घरी येऊन उघडला, तर आत कॉफीबरोबर देतात तसल्या साखरेच्या दोन पुड्या. त्या मी देवापाशी ठेवल्यात. सांभाळायला दिलं होतं ते फेकलं, आणि आता साखर सांभाळतेय मी.