क्रुसाच्या वळणावरचा ठोका

माझ्या नवऱ्याला दोनच गोष्टी धड येतात. केळीच्या बागेला पाणी सोडणं आणि कॉर्नेट वाजवणं. तिसरी गोष्ट म्हणजे दिलेला शब्द लक्षात ठेवणं. ती त्याला लग्नाआधीपासून जमलेली नाही, आणि यंदाच्या सव्वीस जानेवारीला तिनेच त्याचं नाक कापलं.

फ्रान्सिस त्याचं नाव. नंदाखालला आमच्या आळीचा ब्रास बँड आहे, त्याचा तो मास्तर. कॉर्नेट, म्हणजे पितळेची आखूड तुतारी, त्याच्या वडिलांची. गावात लग्न असो, सण असो की मयत असो, पांढरा गणवेश घालून सगळ्यात पुढे फ्रान्सिसच. लोक त्याला मास्तर म्हणतात. घरात मी काय म्हणते ते विचारू नका.

बँडची एक रीत आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आमच्या चर्चला जायला दोन रस्ते. पुढचा मोठा, तो लग्नाचा. मागचा बागांमधून जाणारा, अरुंद, दफनभूमीच्या भिंतीला लागून. मयत नेहमी मागच्याच रस्त्याने न्यायचं. भिंत सुरू होण्याआधी वळणावर दगडी क्रूस आहे. तिथे आलं की फ्रान्सिस डावा हात वर करतो, सगळी वाद्यं थांबतात, मोठ्या ड्रमवर एकच ठोका पडतो आणि कॉर्नेटवर शेवटच्या निरोपाचं गीत सुरू होतं. ते ऐकलं की बागेतली माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात. चाळीस वर्षांत आमचा बँड त्या रस्त्याने दुसऱ्या कशासाठी गेलेलाच नाही.

तो ठोका जेन्सनचा असायचा. जेन्सन म्हणजे फ्रान्सिसचा बालपणापासूनचा जोडीदार, बँडचा मोठा ड्रमवाला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला बिचारा. चार माणसं, पाच मिनिटांची प्रार्थना, संपलं. बँड वाजवायला परवानगी नव्हती. आता त्याचा ड्रम रॉकी वाजवतो, पोरगा चांगला आहे. जेन्सनची बायको क्रिस्टीना आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. तिचा एकुलता एक ॲलिस्टर सैन्यात आहे, तिकडे लडाखकडे.

डिसेंबरात बोळिंजच्या नव्या इमारतींमधले रमेश आमच्या अंगणात आले. तिथल्या सगळ्या सोसायट्यांचे ते सेक्रेटरी. मूळचे सातारचे, बोलायला गोड. म्हणाले, "काका, दरवर्षी आम्ही स्पीकर लावून संचलन करतो, मजा येत नाही. यंदा तुमचा बँड पुढे हवा. बोळिंजपासून तुमच्या चर्चजवळच्या शाळेच्या मैदानापर्यंत. संध्याकाळी आमच्याकडे फटाक्यांची आतषबाजी. आणि जीपमध्ये मानाच्या पाहुण्या म्हणून आपल्या जवानाची आई."

फ्रान्सिस असा फुलला की विचारू नका. महिनाभर अंगणात देशभक्तीच्या चालींचा रियाज. शेजारच्यांचे कान किटले. गणवेशाला दोनदा खळ दिली, कॉर्नेट एवढी घासली की मी म्हटलं, घास अजून, भोक पडेपर्यंत. तर म्हणतो, "कार्मिन, लग्नं-मयतं खूप झाली. एकदा देशासाठी वाजवू दे."

सव्वीसला सकाळी सगळं कसं झक्कास सुरू झालं. पुढे बँड, मागे फुलांनी मढवलेली जीप, जीपमध्ये ठेवणीतली साडी नेसलेली क्रिस्टीना. तिच्यामागे आम्ही गावातल्या बाया, आणि आमच्यामागे बोळिंजच्या संकुलातली पोरंसोरं झेंडे घेऊन. फ्रान्सिसची मान ताठ. मी मनात म्हटलं, आज बाबा खरंच मास्तर दिसतोय.

गावाच्या तोंडाशी येऊन बघतो तर मोठा रस्ता खणून ठेवलेला. पाण्याच्या पाइपसाठी. सणाच्या दिवशी खणायचा नाही हे यांना कोण सांगणार. रमेशनी हात करून सगळी मिरवणूक मागच्या रस्त्याला वळवली. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

क्रूस दिसला आणि फ्रान्सिसचा डावा हात वर गेला.

आपोआप गेला हो. घोडा जसा रोजच्या दारासमोर थांबतो तसा. वाद्यं थांबली. रॉकीने ठोका दिला. आणि माझ्या नवऱ्याने, तिरंगी फेटा बांधून, जवानाच्या आईच्या पुढ्यात, मयताचं गीत सुरू केलं.

मागून बँडनेही धरलं. मास्तर वाजवतोय म्हटल्यावर कोण थांबणार. पावलंसुद्धा संथ पडायला लागली. बागांमधून माणसं कामं टाकून कुंपणाशी येऊन उभी राहिली. टोप्या काढल्या, छातीवर क्रुसाची खूण केली. एक म्हातारी मला विचारते, "कोण गेला गं?" मी काय सांगू तिला? संकुलातली पोरं गोंधळून झेंडे खाली करून चालायला लागली. जीपमध्ये क्रिस्टीनाने तोंडाला रुमाल लावला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

मी ओरडत पुढे जाईपर्यंत रमेश धावत पोचले होते. "काका, हे काय वाजवताय?" तेव्हा कुठे फ्रान्सिसने कॉर्नेट खाली घेतली. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग मागे वळून जीपकडे. चेहऱ्यावरचा रंग उतरला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची खोड मयताचीच निघाली.

एवढ्यावर भागलं असतं तरी म्हटलं असतं चला, फजिती झाली. पण तिरंगा लावलेली जीप, रडणारी आई, मयताचा बँड. लोकांनी दोन अधिक दोन पाच केले. मी घरी पोचते तोवर एव्हरशाईन सिटीहून माझ्या नणंदेचा, जीनाचा फोन. "वहिनी, ॲलिस्टर गेला म्हणे?" तासाभरात क्रिस्टीनाच्या अंगणात अर्धा गाव जमला. कुणी मेणबत्त्या घेऊन आलं. ॲलिस्टर ड्युटीवर, त्याचा फोन लागेना. दुपारी तीनच्या सुमाराला त्याचाच उलट फोन आला, "आई, मला इतके मिसकॉल कशाला?" तेव्हा लोक पांगले. तेवढे तास त्या माउलीने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक.

फ्रान्सिस मागे बावखलाच्या काठावर बसला होता. बावखल म्हणजे आमच्या बागेतलं तळं. गणवेश अंगावर तसाच. जेवला नाही. मी नेहमीसारखी तोंड सोडणार होते, पण त्याच्याकडे बघून शेजारी बसले. म्हणाला, "कार्मिन, एका आईपुढे मी तिच्या जिवंत पोराचं मयत वाजवलं. मला आता कॉर्नेट नको. रॉकीला देऊन टाक."

"देते," मी म्हटलं. "पण आधी क्रिस्टीनाकडे चल. तिच्यासमोर उभा राहा."

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

अंधार पडता पडता गेलो. हा माझ्या मागे, शाळेत मार खायला निघालेल्या पोरासारखा. क्रिस्टीनाने दार उघडलं. रागावलेली दिसेना. खुर्च्या दिल्या, चहा केला. फ्रान्सिसने कप हातात धरला आणि "क्रिस्टीना, सकाळी" एवढंच म्हणाला.

"आधी मला बोलू दे," ती म्हणाली. "जेन्सनला नेला तेव्हा तू कुंपणापलीकडून मला सांगितलं होतंस. नियम उठले की अख्खा बँड घेऊन येतो, त्याच्या थडग्यापाशी वाजवतो. पहिल्या वर्षाच्या मिस्साला, चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली तेव्हा, मी वाट पाहिली. दुसऱ्या वर्षाला पाहिली. मग सोडून दिलं. म्हटलं, विसरले. ज्याने गावातल्या प्रत्येकाला ठोका दिला, त्यालाच कुणी दिला नाही."

फ्रान्सिसने तोंडाकडे नेलेला कप तसाच मागे घेतला.

"आज जीप क्रुसापाशी आली," ती म्हणाली, "आणि तू हात वर केलास. मी म्हटलं, नाही विसरला. एवढ्या लोकांदेखत, झेंड्यांसमोर, माझ्या जेन्सनला बँड दिला. मी त्याच्यासाठी रडले रे. लोकांना काय कळायचंय. रमेशभाऊंना मी म्हणणार होते, थांबवू नका."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, गप्प बस. देवाने सोडवलंय तुला, नुसती मान हलव आणि चहा पी. तिलाही बरं, आपल्यालाही बरं.

त्याने कप खाली ठेवला.

"नाही क्रिस्टीना," तो म्हणाला. "चुकून वाजलं. हात सवयीने वर गेला. मला जेन्सनची आठवणही नव्हती. सकाळपासून मला लाज वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. शब्द दिला होता हेसुद्धा तू आत्ता सांगितलंस तेव्हा आठवलं."

बाहेर बोळिंजच्या बाजूला फटाके सुरू झाले. हिरवा-केशरी उजेड खिडकीतून तिच्या तोंडावर येत होता आणि जात होता. फ्रान्सिस खाली मान घालून बसलेला, आणि मला वाटत होतं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. क्रिस्टीनाने कप उचलले, आत जाऊन विसळले. सावकाश, एकेक. मग पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे ते अजून राहिलंच आहे," ती म्हणाली. "रविवारी मिस्सा झाल्यावर या. सगळे."

रविवारी अख्खा बँड थडग्यापाशी उभा राहिला. मी मेणबत्ती लावली. रॉकीने ड्रम गळ्यात अडकवला. सगळे फ्रान्सिसच्या हाताची वाट बघत होते, आणि तो हात काही वर जाईना. सव्वीस जानेवारीला न सांगता गेलेला तोच हात. कॉर्नेट छातीशी धरून तो जेन्सनच्या नावाकडे बघत राहिला. कुणी खाकरलं, कुणी पाय बदलला. शेवटी क्रिस्टीना पुढे झाली, रॉकीच्या हातातली काठी घेतली आणि ड्रमवर एक ठोका दिला.

तेव्हा त्याने कॉर्नेट ओठाला लावली. पहिले सूर फाटकेच आले. आयुष्यात इतकं वाईट त्याने कधी वाजवलं नसेल. पण शेवटपर्यंत वाजवलं.

भिंतीपलीकडच्या बागेत कुणीतरी केळीचे घड कापत होतं, तो आवाज थांबला. थोड्या वेळाने हातात कोयता घेतलेला एक म्हातारा फाटकातून आत डोकावला. थडगी सगळी जुनी, नवीन खड्डा कुठे दिसेना. त्याने फ्रान्सिसला विचारलं, "कोण गेलं, मास्तर?"

फ्रान्सिसने टोपी काढली.

"जेन्सन," तो म्हणाला. "आम्हाला यायला उशीर झाला."