शौकतभाई आणि दोन टेबलांचा स्टुडिओ

कागदाच्या धंद्यात एक गोष्ट मी पक्की शिकलो. रिमंच्या रिमं विकली जातात आणि विसरली जातात. कटिंग मशीनखाली पडलेल्या पट्ट्या मात्र घरभर होतात. कुणी त्यावर किराणा लिहितं, कुणी फोननंबर. टाकवत नाहीत हो! किश्श्यांचंही तसंच. मोठ्या ऑर्डरी कोणाच्या होत्या हे आता मला आठवत नाही, पण त्यांच्या कडेने पडलेल्या पट्ट्या इतक्या साठल्यात, की चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "शेठ, काढा एखादी!"

तर काढतो.

मी मूळचा कागदवाला. नारायण पेठेत दुकान, शाळा नववीत सुटलेली, चित्रकलेत तर त्याआधीच नापास. पण कार्डाचा कागद घ्यायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "डिझाइन कोण करून देईल?" मी दहा वर्षं सगळ्यांना दुसऱ्यांचे पत्ते देत बसलो. मग एके दिवशी अक्कल आली. दुकानाच्या पोटमाळ्यावर एक टेबल टाकलं आणि शौकतभाईंना बोलावलं. हे गृहस्थ पुण्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवलेले. पुढे दुसरं टेबल आलं, त्यावर कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरमागे मृण्मयी आली. कलाशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, विश्रांतवाडीहून स्कूटीवर यायची. मला काका म्हणायची, त्यांना चाचा. झाला स्टुडिओ!

*

मृण्मयीला डिझाइनमधली मोकळी जागा फार प्रिय. वारज्याच्या एका बिल्डरचं कार्ड तिने केलं. कोपऱ्यात नाव, कोपऱ्यात फोन, बाकी सगळं पांढरंशुभ्र. मी स्वतः भारी आर्ट कार्ड काढलं होतं त्याला.

बिल्डर साहेबांनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. त्यांचे वडील त्याच वारज्यात ज्वारी काढायचे, त्यामुळे जमिनीची नजर पक्की.

"ताई, ही मधली जागा मोकळी का हाय?"

मृण्मयीने समजावलं, डोळ्याला विसावा लागतो, श्रीमंती दिसते, वगैरे.

"ते खरं हो. पण मोकळी जागा ठेवली की अतिक्रमण होतं. कायतरी बांधून टाका तिथं!"

*

डिझाइनमधलं मला काही कळत नाही, पण गिऱ्हाईक कळतं. म्हणून माझी एकच परीक्षा होती. बोर्डाचा नमुना मी पोटमाळ्याच्या खिडकीत धरायचा आणि शौकतभाईंनी रस्त्यापलीकडे चहावाल्यापाशी उभं राहून वाचायचा. तिथून वाचता आला तर पास.

एकदा एका फरसाणवाल्याच्या दुकानाच्या उद्घाटनाचा फलक धरून उभा होतो. शौकतभाई खालून हातवारे करतायत, लाल कमी करा, वर घ्या. तेवढ्यात एक स्कूटर थांबली. हेल्मेटच्या आतून आवाज आला,

"अहो, रंगाचं नंतर बघा. त्या तारखेला अमावास्या आहे."

मी कॅलेंडर बघितलं. खरंच होती! फरसाणवाल्याला फोन केला, तर तो बिचारा हादरलाच. मुहूर्त दोन दिवस पुढे गेला.

त्याआधी, कॅलेंडर बघून आभार मानायला मी खिडकीतून वाकलो होतो, तेव्हा गृहस्थ किक मारता मारता म्हणाले, "फुकट सांगितलं म्हणून दुर्लक्ष करू नका, एवढंच!"

*

रंग कुठून सुचतात, हे मृण्मयी कॉम्प्युटरवर शोधायची. शौकतभाई सकाळी मंडईतून पिशवी भरून यायचे. "बेटा, वांग्याशेजारी लिंबू ठेवून बघ. असा रंग तुझ्या मशीनमध्ये आहे का?" नव्हता. म्हणजे असेल, पण पोरीला सापडला नव्हता.

एका साड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई पिशवीसाठी जांभळा रंग ठरवायला आल्या. छापील रंगांचं पुस्तक बघून बघून थकल्या. शौकतभाईंनी शांतपणे एक वांगं पुढे ठेवलं. बाई खूश! "हाच!" मी व्यापारी माणूस, नंतर वाद नको, म्हणून वांग्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवली आणि बाईंची सही घेतली. मंजूर.

दुसऱ्या दिवशी छपाईवाला रंग जुळवायला आला. वांगं गायब! टेबलाखाली बघितलं, पिशवीत बघितलं. शेवटी मी घरी फोन लावला. आदल्या संध्याकाळी मंडईची पिशवी चुकून माझ्याबरोबर घरी गेली होती.

"त्याचं भरीत केलं," बायको म्हणाली. "आणि भाजीवर सह्या घ्यायला कधीपासून लागलात?"

शौकतभाई डोक्याला हात लावून बसले. "शेठ, लोक आर्टवर्क चोरतात, हरवतात. खाल्लेलं मी पहिल्यांदाच बघतोय!"

*

पुण्याच्या गिऱ्हाइकाला पहिलं डिझाइन दाखवायचं नसतं, हे आम्हाला एका निवृत्त हेडमास्तरांनी शिकवलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका. पहिला नमुना बघून म्हणाले, "ठीक आहे. अजून बघू." असे अकरा नमुने झाले. बारावा करायला मृण्मयी उठली, तेव्हा त्यांनी पहिला परत मागितला.

"हाच घ्या."

मृण्मयी रडकुंडीला. "सर, हा तर मी पहिल्याच दिवशी दाखवला होता!"

"चूक तुमचीच आहे," सर म्हणाले. "इतका चांगला होता तर पहिल्यांदा दाखवायलाच नको होता!"

तेव्हापासून आमचा नियम ठरला. सगळ्यात चांगलं डिझाइन तिसरं काढायचं. वर्षभर छान चाललं. मग सरांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. सर जिना चढून आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिसऱ्यापासून सुरुवात करा."

*

आता जरा वेगळी गोष्ट. शौकतभाईंचा उजवा हात थरथरायला लागला.

ते कोणाला सांगत नव्हते. मला चहाच्या ग्लासाखालच्या बशीच्या आवाजावरून कळलं. मग ते अर्धाच ग्लास चहा मागू लागले. बारीक अक्षरं मृण्मयीकडे सरकवू लागले. एके दिवशी स्वतःच म्हणाले, "शेठ, ईदपर्यंत येतो. मग बंद."

"अहो, नुसते बसा. पोरीला सांगत जा. पगार तोच."

"बसून पगार घ्यायला मी काय सरकारी नोकर आहे? ज्या हाताने लोकांची नावं सरळ लिहिली, त्याने वाकडी नाही लिहायची."

मृण्मयीने कॉम्प्युटरमागून तोंडही वर केलं नाही. "चाचा गेले तर मीही दुसरीकडे बघेन, काका," एवढंच म्हणाली. मला तर कटिंग मशीनची मोटर बंद पडल्यासारखं झालं. टेबलं दोन होती, पण स्टुडिओ त्या एका माणसाचा होता. त्या आठवड्यात मी काही सुचतंय का ते बघत होतो. काही सुचलं नाही.

*

अशात लोणी काळभोरच्या एक बाई आल्या. सासूबाईंच्या हातची लोणची विकायची होती. सासूबाईंचं नाव गोदाक्का, तेच बाटलीवर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शौकतभाईंनी लिहायला घेतलं. 'गो' बरा आला, 'दा'ची रेघ नागमोडी गेली, पुढचं तर बघवेना. त्यांनी कागदाचा बोळा केला आणि टोपलीत टाकला. "बघितलंत शेठ? आता ईदचीही वाट नको." ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि चपला शोधायला लागले.

तेवढ्यात बाई जिना चढून वर! मृण्मयीने घाईघाईने कॉम्प्युटरवरचे तीन नमुने दाखवले.

बाईंनी नाक मुरडलं. "ह्ये बँकेच्या फॉर्मवानी दिसतंय."

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मग टोपलीतून तो बोळा काढला, तळहाताने सपाट केला आणि बाईंपुढे ठेवला. शौकतभाई एक चप्पल घालून तिथेच थबकले.

बाईंनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्ये आमच्या सासूबाईंनी लिवल्यावानी वाटतंय," त्या म्हणाल्या. "त्यास्नी लिवता येत न्हाई. पण येत असतं, तर असंच लिवलं असतं!"

मग बाई बोटांवर मोजायला लागल्या.

"आता कैरी, लिंबू, मिरची, करवंद... आठ बाटल्या हायेत. समद्यांवर ह्याच हातानं लिवून द्या. मी बसते."

शौकतभाईंनी चप्पल काढली. फडकं सोडलं, ब्रश ओला केला, श्वास रोखला आणि 'कैरी' लिहिलं. पट्टीने आखल्यासारखं, सरळ!

"ह्ये नव्हं," बाई म्हणाल्या.

'लिंबू' लिहिलं. त्याहून सरळ.

"भाऊ, आधीच्यावानी लिवा की!"

शौकतभाईंना घाम फुटला. "शेठ, हात हलतच नाहीये!"

मी चहा मागवला. काठोकाठ भरलेला ग्लास त्यांनी उचलला, प्याले, परत ठेवला. बशीत थेंब नाही! कामचुकार नोकराकडे बघावं तसं ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. बाई पदराने वारा घेत बसलेल्या.

मग शौकतभाईंनी नवा कागद घेतला, ब्रश टेकवला आणि मान वर न करता म्हणाले, "मृण्मयी बेटा, इकडे ये. टेबल धर. हं, हलव आता!"

पोरीने हलवलं.

"जरा जोरात! आणि शेठ, तुम्ही बघत काय उभे राहिलात? दुसरी बाजू धरा!"