कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं वसंताचं घड्याळ

धुळ्याच्या अक्का, गुडघे काय म्हणतात? फैजपूरचे आबा, डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? दोंडाईच्याचे नाना, तुमची शुगर?

मी बरा आहे. एक उजवा हात सोडला तर सगळं जागेवर आहे.

पण वसंता गेला.

पिंप्राळ्याचा वसंत घड्याळजी. माझा जिवाभावाचा दोस्त. आज सकाळी, चहा पिता पिता.

त्याने माझ्यासाठी काय केलं ते ग्रुपवरच्या तरुण मंडळींना माहीत नाही, म्हणून लिहितो.

धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात माझा हात गेला, तेव्हा मी बावीसचा. पुढे जळगावात एका प्रेसमध्ये छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. अक्षरं लावायची पट्टी टेबलाला ठोकून पक्की केली आणि डाव्या हाताने वर्षानुवर्षं मजकूर लावला. हा मजकूर एका हाताचा आहे, हे कोणाला कळलं नाही.

मग नव्वदच्या दशकात प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला. खिळे भंगारात.

मराठी टाइप करायचं म्हणजे घडोघडी शिफ्ट. ते दाबून धरायचं आणि लांबचं दुसरं बटण दाबायचं. एका हाताला कुठून जमणार?

कॉम्प्युटरमध्ये एक सोय होती, स्टिकी कीज. शिफ्ट एकदा दाबून सोडलं तर पुढच्या एका अक्षरापुरतं लागू. दोनदा दाबलं तर अडकूनच बसायचं.

पण अडकलंय की सुटलंय, हे सांगायला कोपऱ्यात मोहरीएवढं चिन्ह. टाइप करणाऱ्याचं तिकडे लक्ष जातंय कशाला!

व्हायचं तेच झालं. एका लग्नपत्रिकेत शिफ्ट अडकलं. आमच्या फाँटमध्ये शिफ्ट म्हणजे अर्धं अक्षर. घाईत प्रूफ कोणी पाहिलं नाही.

नवरदेव अर्धा, नवरी अर्धी, मुहूर्तही अर्धा. गठ्ठाच्या गठ्ठा छापून तयार!

प्रेसचा शेठ भला माणूस. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, पुढच्या सोमवारी दुसरी पत्रिका आहे. ती बिनचूक झाली तर खुर्ची तुमची. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी दोन लेकरं. मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

संध्याकाळी वसंता प्रेसमध्ये टपकला.

"भो, अर्धं लग्न लावलं म्हणे तू!"

मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला. दुपारभर. माझ्या हाताकडे नाही, डोळ्यांकडे बघत होता.

उठताना म्हणाला, "तू घडीघडी भिंतवरल्या घड्याळकडे देखस. तुनं ध्यान जठे जास, तठेच दिवा लावना पडी."

मी सारखा घड्याळाकडे बघतो, म्हणून दिवाही तिथेच लावायचा म्हणे! मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं.

सातवी पास माणूस. सेलची घड्याळं आल्यापासून दुरुस्तीचं काम कमी झालं, म्हणून दुपारी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जाऊन बसायचा. मांडीवर प्रोग्रामिंगचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी. आम्ही चेष्टा करायचो.

सोमवारी सकाळी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची फ्लॉपी घेऊन आला आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये सरकवली.

स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात गोल घड्याळ उमटलं. काटे चालू! आणि तबकडीत तीन ठिपके. शिफ्टचा, कंट्रोलचा, कॅप्स लॉकचा.

"पिवळा म्हणजे एका अक्षरापुरतं. लाल म्हणजे अडकलं. विझलेला म्हणजे मोकळं. चल, बस."

बसलो. नवरीच्या नावापाशी सवयीने वेळ बघायला मान वर केली आणि नजर स्क्रीनवरच्या घड्याळावर गेली.

ठिपका लाल!

हात जागीच थांबला. शिफ्ट सोडवलं. पुढे गेलो.

शेठने प्रूफ बोट ठेवून दोनदा वाचलं. टेबलफॅन उचलला आणि माझ्या खुर्चीकडे तोंड करून ठेवला.

त्या खुर्चीवरून मी रिटायर झालो. दोन्ही लेकरांची लग्नं त्याच खुर्चीवर झाली म्हणा ना.

एवढी वर्षं मला एकच नवल वाटायचं. दोन हातांच्या माणसाला माझी अडचण इतकी बारकाईने कळली कशी? विचारायचं राहूनच गेलं.

आज वहिनींनी सांगितलं.

"तो आठवडाभर ह्यांनी उजवा हात रुमालाने कमरेला बांधून ठेवला होता. दुकान बंद. जेवलेसुद्धा डाव्या हाताने. मी चिडले, म्हटलं त्यांनाच विचारा ना काय अडतं ते! तर म्हणे, त्याला विचारलं तर तो हसून सांगेल, काही अडत नाही."

वसंता, अगदी तसंच सांगितलं असतं रे मी.

एका हाताने नमस्कार पुरा होत नाही. तरी घे, दोस्ता. सुखाने जा.

आणि मंडळी, वाचलं की दोन ओळी लिहा. उशीर करू नका. तब्येतीचं जे असेल ते खरं खरं लिहा.