मथुराच्या बोटातला काटा

मालवणच्या मासळीबाजारात मथुराला शोधायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. बांगड्याचा भाव ती असा सांगते की गिऱ्हाईक आपलंच काही चुकलं म्हणून थांबतं. हट्टी तर अशी, की लग्नानंतर पंधरा दिवसांतच नवऱ्याने, बाबलीने, तिच्याशी वाद घालणं सोडलं. बाबली आजही सुखात आहे.

२००३ सालच्या थंडीत शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसला आणि आतच मोडला. बोट मुठीत धरून ती गावातल्या डॉक्टरकडे गेली.

"डॉक्टरांनू, टोक आत ऱ्हवला हा."

डॉक्टर हसले. "मथुराबाई, मासे तुम्ही बघा, बोट मी बघतो."

एक्स-रे काढला नाही, दोन टाके घातले. बोट भोपळ्यासारखं सुजलं. ती आणखी तीनदा गेली, तीनदा तेच सांगितलं, तीनदा गोळ्याच घेऊन आली. तीन आठवड्यांनी गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ते टोक निघालं, पण तोवर बोट आतून कुजलं होतं. अर्धं कापावं लागलं.

"आता सोड," बाबलीने जन्मात एकदा धीर करून म्हटलं.

"बोट गेला ता गेला. पण मी सांगलंय आणि तेणी ऐकूक नाय, ह्यां कागदार येवक व्हया."

बाबली जेवायला बसला.

कुडाळच्या यतीन वकिलांनी ओरोसच्या ग्राहक मंचात तक्रार घातली. डॉक्टरांचं उत्तर आलं: बाई रोज मासे कापतात, हा काटा नंतर घुसलेला असणार. वकील म्हणाले, "त्या तीन आठवड्यांत तुम्ही मासळीला हात लावला नाही, हे सांगणारा साक्षीदार आणा."

साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. पण उद्या पोराला ताप आला तर त्याच डॉक्टरची पायरी चढायची, म्हणून सगळ्या जणी आपापल्या टोपलीत बघायला लागल्या. उरली हिरा, बाजारात मथुराच्या शेजारी बसणारी. दोघींत सात वर्षं बोलणं नाही. भांडण काय, तर बसायच्या जागेचं. मथुरा म्हणे, मी चार दिवस नसले की ही माझ्या जाग्यावर पाट सरकवते. हिरा देवीची शपथ घेऊन म्हणे, कधीच नाही.

मथुरा तिच्या दारात गेली. हिरा अंगणात जाळं विणत होती. तिने मान वर केली नाही.

"कित्याक इलंस?"

"मी नाय तेवा माझ्या जाग्यार बसत होतंस, ता सांगूक चल."

हिराची सुई थांबली. मग म्हणाली, "वरसां सात नाय म्हटलंय. आता हो म्हणूचा, आणि ताही ओरोसाक जावन?"

"होय."

"लाज नाय गो तुका."

"तुझ्याकडे मागूक इलंय, म्हणजे कितकी लाज गिळलंय ती बघ."

तारखेच्या दिवशी हिरा नवं लुगडं नेसून एसटीत बसली, मथुराच्या दोन बाकं मागे. बोलणं नाही म्हणजे नाही.

डॉक्टरांच्या वकिलांनी विचारलं, "मथुराबाई बाजारात आल्या नाहीत, हे तुम्हाला कसं माहीत?"

"ती नाय म्हणान तिच्या जाग्यार मी बसलंय. तीन आठवडे. ती इली आसती तर माका बसूक दिल्यान आसता?"

"म्हणजे तुमचं वैर आहे."

"आसा."

"मग तिच्या बाजूने कशा?"

हिराने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं शिळा बांगडा ताजा म्हणून मागणाऱ्याकडे बघावं. "वैर जाग्याचा आसा, वकीलसायबानू. काटो तिच्या बोटात होतो. तो मी खंय लपवू?"

मंचाच्या बाई सदस्य पदराआड हसल्या. मथुरा मात्र ताठ बसून राहिली. वैरीण असावी तर अशी, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, पण बोलेल ती मथुरा कसली.

दोन वर्षांनी निकाल आला. यतीन वकील आपल्या कचेरीत भरपाईचा आकडा वाचायला लागले, तसा मथुराने हात वर केला.

"ता मागसून. माझा काय लिवलाहा ता वाचा."

वकिलांनी पान उलटलं. "तक्रारदार बाईंनी पहिल्याच दिवशी काटा आत असल्याचे सांगितले होते. डॉक्टरांनी त्याकडे लक्ष दिले नाही."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. दारात चपला घालत असलेला बाबलीही थांबून ऐकत राहिला.