बाईंच्या ग्लासातला पुदिना
गरम पाण्यातल्या पुदिन्याचा वास आला की मला नेदरलँड्समधली ती तोंडी परीक्षा आठवते. एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर मायदेशी परत जावं लागलं असतं, आणि आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. विषय होता एका थोर इंग्रजी कवीचं जीवन आणि शिक्षण. परीक्षा घेणाऱ्या बाईंच्या पुढ्यात पुदिन्याच्या चहाचा ग्लास होता. मी सवयीनं उभी राहिले आणि गाईडमधल्यासारखं घडाघडा म्हणत सुटले: वडील तबेला सांभाळायचे, आईवडील लहानपणीच गेले, डॉक्टरकी शिकला, ती सोडून कविता लिहू लागला. "अगं, बस आधी," बाई म्हणाल्या. "हे पुस्तकात आहेच. पण डॉक्टरकी सोडायचा धीर त्याला कसा झाला असेल? तुला काय वाटतं?" मला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. शेवटी कसंबसं म्हणाले, "जाब विचारायला आईवडील उरले नव्हते ना, म्हणून." बाईंनी ग्लास खाली ठेवला. "आणि तुझे?" माझे डोळे भरून आले. पास झाल्याचं बाबांना त्याच संध्याकाळी कळवलं. कुठल्या उत्तरावर पास झाले, ते मात्र अजून सांगितलेलं नाही.