यहेज्केलाचे उरलेले अध्याय

त्या दिवशी काचेच्या बाटल्यांचा कचरा टाकायचा वार होता. पिशवी घेऊन मी जिना उतरत होते तेवढ्यात फोन वाजला. अमोलिककाकांच्या मुलीचा, रूथचा मेसेज, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले दोन मराठी शब्द. बाबा गेले. रूथ जपानमध्येच वाढली, बापाशी बोलतानाही उत्तर जपानीत द्यायची. तिनं हे मराठीत का लिहिलं असेल, याचाच विचार मी जिन्यात उभी राहून करत बसले. काका गेले हे डोक्यात शिरायला वेळ लागला… बाटल्या तशाच घेऊन मी परत वर आले.

अमोलिककाका ओजिमा वसाहतीतल्या आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायचे. मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील खेड्यापाड्यांतून फिरणारे ख्रिस्ती उपदेशक. काका मातीचे शास्त्रज्ञ झाले, संशोधनासाठी इथल्या विद्यापीठात आले आणि राहूनच गेले. रविवारी निशी-कसाईत एका भाड्याच्या हॉलमध्ये पंधरा-वीस मराठी ख्रिस्ती माणसं जमायची, तिथे ते प्रवचन करायचे. मी पुण्याची, कोकणस्थांच्या घरातली. पण सुमनकाकू उपासनेनंतर जेवायला घालायच्या, म्हणून आम्हीही जायचो. काकांचा आवडता विषय एकच, बायबलमधलं यहेज्केलाचं पुस्तक. वैऱ्यानं धरून परक्या मुलखात आणलेला हा संदेष्टा खबार नदीच्या काठी बसलेला असतो आणि एकदम आभाळ उघडतं. वादळ, अग्नी, चार तोंडांचे प्राणी, चाकात चाक, चाकांच्या कडांवर डोळेच डोळे, आणि त्या सगळ्यावर देवाचं तेज. "मंदिरात नाही दिसलं त्याला," काका म्हणायचे. "कुठल्यातरी परक्या कालव्याच्या काठी दिसलं. आपल्यासारख्यांना हे बरंय की नाही?" माणसं हसायची. एकदा मी विचारलं, "काका, तुम्हाला दिसलंय का काही?" ते सरळ म्हणाले, "नाही. माझ्या वडिलांना दिसलं होतं म्हणे. मी त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही."

मग २०११चा भूकंप झाला. आमच्यातली बरीच कुटुंबं आठवड्याभरात भारतात निघून गेली, आम्हीही गेलो, काही महिन्यांनी परतलो. काका-काकू राहिले. त्सुनामीचं पाणी ओसरल्यावर ईशान्येकडच्या किनाऱ्यावर भातशेतं मिठानं पांढरी पडली होती. गोड्या पाण्यानं ती कशी धुवायची, हे शेतकऱ्यांना सांगायला काका गेले. ज्या म्हाताऱ्याच्या शेतात ते पहिल्यांदा उतरले, त्याची बायको आणि नात त्या लाटेत गेली होती. काका ख्रिस्ती आहेत हे कळल्यावर तो गुरुजींशी बोलावं तशा अदबीनं म्हणाला, "एक विचारू का, सेन्सेई? तुमचा देव त्या दुपारी कुठे होता?" आठ दिवस ते रोज त्या शेतावर जात, मातीचे नमुने घेत आणि मग बांधावर त्याच्याशेजारी नुसते बसत. परत आल्यावर त्यांनी प्रवचन सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "यहेज्केलसुद्धा ते दर्शन झाल्यावर बंदिवानांत जाऊन सात दिवस गप्प बसला होता. पण त्यानं काहीतरी बघितलं होतं. मी काहीच न बघता गप्प बसलोय." हळूहळू तो हॉलही सुटला.

पुढे सुमनकाकू गेल्या. जेमतेम तीन महिन्यांच्या आजारात. इथे दहनच करतात. नंतर घरच्यांनी लांब काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवायच्या. काकांनी ते सगळं न चुकता केलं, लोकांना वाकून नमस्कार केले, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रूथ शेजारी हमसून रडत होती. तिनं बापाकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरलेले नाही. त्यानंतर ती कोबेला नोकरीला गेली आणि वर्षातून एकदा, नवीन वर्षाला तेवढी यायची.

काचबिंदूनं काकांची नजर गेली तेव्हा त्यांनी मला विचारलं, शनिवारी दुपारी येऊन वाचून दाखवशील का? काय वाचायचं हे विचारायची गरज नव्हती. दर शनिवारी एक अध्याय. मला वाटलं होतं हे पुस्तक म्हणजे ती चाकं आणि ते तेज. पण दहाव्या-अकराव्या अध्यायात ते तेज मंदिरातून उठतं, उंबऱ्यावर थबकतं आणि शहर सोडून निघून जातं. "यावर कुणी प्रवचन करत नाही," काका म्हणाले. "मीही केलं नाही."

चोविसावा अध्याय मी काही ठाऊक नसताना वाचायला घेतला. देव संदेष्ट्याला सांगतो, तुझ्या डोळ्यांना जे प्रिय आहे ते मी एका फटक्यात नेणार आहे, पण तू रडायचं नाहीस. संध्याकाळी त्याची बायको मरते. मी थांबले.

"वाच, मेघना."

"काका, नको ना…"

"वाच. थांबू नकोस."

मी उरलेलं वाचलं. काका म्हणाले, "त्याला कुणीतरी सांगितलं होतं रडू नकोस म्हणून. मला तर कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी…" आणि ते रडले, दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, चेहराही न झाकता. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले.

काकांना इस्पितळात नेलं तेव्हा तेहतिसावा झाला होता. ते तेज पूर्वेकडून परत मंदिरात येतं, पण त्रेचाळिसाव्या अध्यायात. डॉक्टरांनी दिवस मोजकेच आहेत असं सांगितल्यावर मी म्हटलं, "काका, मधलं सोडून तेच वाचते." त्यांनी मान हलवली. "नको. मधलं गाळून तिथे जायचं नाही." त्यानंतर त्यांना ऐकण्याइतकी शुद्ध राहिलीच नाही.

घर रिकामं करायला रूथ आली. दोन दिवस आम्ही कपडे आणि भांडी वेगवेगळ्या पिशव्यांत भरत होतो. ती यंत्रासारखी काम करत होती. मला राहवलं नाही, मी तिला त्या शनिवारचं सांगितलं. ती हातातली पिशवी खाली ठेवून जपानीत म्हणाली, "खरंच रडले?" मग मराठीत, "आईसाठी?"

"हो."

ती खालच्या तातामीच्या चटईवर बसली. म्हणाली, "मला का नाही सांगितलं त्यांनी?" मी तिच्याशेजारी जाऊन बसले. संध्याकाळी वसाहतीच्या ऑफिसात किल्ल्या देऊन ती कोबेला गेली.

पुढच्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. कुठपर्यंत वाचून झालं होतं, तिनं विचारलं. मी सांगितलं. "मग चौतिसावा," ती म्हणाली. तेव्हापासून दर शनिवारी फोनवर एक अध्याय. तिला निम्मे शब्द कळत नाहीत, मी थांबून सांगत जाते. कधी तिकडून काहीच आवाज येत नाही, तेव्हाही मी वाचत राहते. परवा एकोणचाळिसावा झाला. आम्ही अजून मधेच आहोत.